आईवर एक पान लिहायचंय, आणि ते कुठल्याही आईला बसतंय

उलट_सुलट

आई जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. भावाने ठरवलंय की घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका करायची. तिचे फोटो, तिने केलेल्या वस्तूंचे फोटो आणि सुरुवातीला एक पान मजकूर. ते पान माझ्या गळ्यात पडलंय, कारण 'तू लिहितेस ना तिकडे काहीबाही'. (तिकडे म्हणजे इथे, या मंचावर.)

तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच. प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख, घरासाठी झिजलेली, नातवंडांत रमणारी. काल रात्री आईच्या नावाच्या जागी शेजारच्या काकूंचं नाव घालून वाचून पाहिलं. एक अक्षर बदलावं लागलं नाही. काकूंना तर विणकामाचा तिटकारा आहे.

आणि आई हसतमुख अजिबात नव्हती. विणताना कुणी बोलायला लागलं की ती टाके मोठ्याने मोजायची. 'सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस', आणि पट्टी चढत जायची. पन्नाशी गाठायच्या आत खोली रिकामी करायची, हे आम्हाला न सांगता कळलेलं होतं.

पन्नासेक वर्षं विणलं तिने. त्याआधी भरतकाम, मधली काही वर्षं चित्रं, नातवंडं झाल्यावर जुन्या मोज्यांच्या बाहुल्या. पुस्तकातून नमुना घेताना मी तिला कधी पाहिलं नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या पाठीवरचे टाके मोजायची. ती बाई भलत्याच खिडकीकडे वळली की आईही तिच्यामागे. काम राहायचं, नमुना मात्र घरी यायचा. आखूड झालेले स्वेटर उसवायची. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून तिच्या लडी करून धुवायच्या आणि खाली वजन अडकवून वाळत घालायच्या. आमच्या न्हाणीघरात कायम कुठल्यातरी लडीला एक भलंमोठं कुलूप लटकलेलं असायचं. ते कशाचं कुलूप होतं, हे आजतागायत कुणाला माहीत नाही.

बघा, इथे लिहिताना येतंय. त्या पानावर लिहायला बसलं की 'झिजलेली' येतं.

कुणी असं लिहिलंय का? आणि एक खास प्रश्न: 'समर्पित' हा शब्द ठेवू की काढू? भाऊ म्हणतो ठेवच. मला तो टोचतो. तो शब्द आला की तिने केलेलं सगळं 'आमच्यासाठी केलेलं' होऊन जातं आणि तिचा हात त्यात दिसेनासा होतो.

रिकामी_चौकट

विशेषणं सगळी खोडा. उरेल ते पान.

(कोरं उरलं तर जबाबदारी माझी नाही.)

दुपारची_झोप

ताई, मी जरा विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका.

हल्ली कुणाच्याही आईबद्दल वाचलं की ती आतून कलाकार निघते. तिचे हात कलाकाराचे, तिची रांगोळीसुद्धा कलाकृती. जणू नुसतं माणसांचं केलं असतं तर लिहिण्याजोगं काही नव्हतं. माझ्या आईने एकही वस्तू केली नाही. साधं बटण लावलं तरी ते आठवड्यात पडायचं. पण आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आईने अकरा वर्षं दर दोन तासांनी तिची कूस बदलली. रात्रीसुद्धा. गजर न लावता उठायची. आजीच्या पाठीला एक जखम झाली नाही. तपासायला येणारे डॉक्टर दर वेळी पाठ बघून गप्प व्हायचे.

हे कुठल्या पुस्तिकेत फोटो काढून लावू? मला 'समर्पित' याहून बरा शब्द सापडलेला नाही, आणि तो मी सोडणार नाही.

उलट_सुलट

राग कसला काका. (काका म्हटलं तर चालेल ना?) तुमचा प्रतिसाद आत्ता भावाला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, 'बघ.' मग दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

फरक इतकाच की तुमच्या 'समर्पित'च्या मागे अकरा वर्षं आणि दोन तास आहेत. माझ्या पानावर तो शब्द एकटाच उभा आहे.

दुपारची_झोप

काका चालेल. आजोबासुद्धा चालेल, वय झालंय.

पोतडी

धागा वाचून तीन बायका आठवल्या. तिघीही आया, आणि तिघींच्या बाबतीत प्रश्न हाच की 'घरचं' कुठे संपतं आणि 'कला' कुठे सुरू होते.

पहिली आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१). लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता ओव्या रचायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यामुळे त्यातल्या काही कागदावर उतरल्या. ती गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. कुणी लिहून घेतलं नसतं तर आज आपण तिलाही 'कष्टाळू, प्रेमळ' म्हणून मोकळे झालो असतो. तेही घरातल्याच चार जणांनी म्हटलं असतं.

दुसरी हॅरिएट पॉवर्स. जन्म १८३७, अमेरिकेतल्या जॉर्जियात, गुलामगिरीत. कापडाचे आकार कापून, गोधडीवर शिवून बायबलमधल्या गोष्टी मांडायची. १८८६ मध्ये अथेन्स नावाच्या तिथल्याच गावातल्या कापूस प्रदर्शनात तिची एक गोधडी जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएट नाही म्हणाली. काही वर्षांनी घरात ओढाताण झाली तेव्हा स्वतःच घेऊन गेली. १० डॉलर मागितले, ५ मिळाले. पण देताना प्रत्येक चौकटीत काय आहे ते तिने सांगितलं आणि स्मिथबाईंनी ते लिहून ठेवलं. नंतर ती त्या गोधडीला भेटायला पुन्हा पुन्हा जायची. 'भेटायला' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आज ती गोधडी वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे आणि त्या टिपणासकट वाचली जाते.

तिसरी सोनिया डेलोने, पॅरिसमधली चित्रकार. १९११ मध्ये मुलगा झाला तेव्हा तिने लहानपणी शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेली तशी तुकड्यांची दुलई त्याच्यासाठी शिवली. पुरी झाल्यावर तिला स्वतःलाच त्यात क्यूबिस्ट चित्रांची, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या चित्रांची, आठवण झाली. पुढे तिच्या चित्रांत रंगांचे जे तुकडे शेजारी-शेजारी येतात, त्यांची सुरुवात ती स्वतः त्या दुलईपासून सांगायची. म्हणजे आधी कला आणि मग बाळासाठी, असं झालंच नाही. बाळाच्या दुलईतून कला निघाली.

तेव्हा उलट_सुलट, 'आमच्यासाठी केलं' आणि 'तिचं होतं' यात एकच निवडायला हवं असं मला वाटत नाही.

तिरकस

पोतडी, माहिती उत्तम, पण हे नेहमीचं झालं. कुणाची आई गेली की आपण संग्रहालयातल्या आया काढतो. ती अमेरिकन चित्रकार, ग्रँडमा मोझेस, राहिली की. घ्या: जन्म १८६०, दहा मुलं, त्यातली पाच तान्हेपणीच गेली. लोकरीने भरतकामाची चित्रं करायची, संधिवाताने सुई धरवेना म्हणून सत्तरी उलटल्यावर कुंचला धरला. १९३८ मध्ये औषधांच्या दुकानाच्या खिडकीत लावलेली चित्रं एका संग्राहकाने पाहिली. १९४० मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन. १०१ वर्षं जगली.

आता सांगा, तो संग्राहक त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर? चित्रं तीच राहिली असती. आपल्या बहुतेक आयांच्या बाबतीत तो माणूस दुसऱ्याच रस्त्याने गेलेला असतो. पान त्या आईवर लिहायचंय.

पोतडी

हे मात्र मान्य. (आणि 'राहिली की' म्हणत सगळी माहिती टाकलीच शेवटी.)

सांधेजोड

मजकूर होईल सावकाश. वस्तू कुठे ठेवल्यात? मी कापडांच्या जतनाचं काम करते. अशा धाग्यांवर सगळे आठवणींत बुडलेले असतात आणि तिकडे कपाटात कसर लोकर खात असते, म्हणून विचारतेय.

स्वेटर हँगरवर असतील तर आज काढा. विणलेलं कापड स्वतःच्याच वजनाने लोंबतं, खांद्याला शिंगं येतात, मग ती जात नाहीत. आडवे ठेवा. घडीच्या आत आम्लविरहित पातळ कागदाची सैल गुंडाळी घाला आणि वर्षातून एकदा घडीची जागा बदला. वर्तमानपत्राचा कागद नको, तो आम्लयुक्त असतो. नुसती लाकडी फळीही नको, मध्ये कागद किंवा धुतलेलं सुती कापड घाला.

कसरीची अळी लोकर आणि रेशीम खाते, त्यातही घाम आणि डाग लागलेली जागा आधी. म्हणून ठेवताना स्वच्छ. शंका असलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरतं.

आणि चौकटीत घालून भिंतीवर लावायची हौस असेल तर जागा बघून. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि ते नुकसान साठत जातं. संग्रहालयात अशा कापडांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात, घरच्या माणसाला तिथे अंधारलेलं वाटतं.

एक शेवटचं. एखादा स्वेटर न धुता ठेवा. सगळे धुतले की तिचा वास जातो, आणि मग लोक मला विचारतात तो परत आणता येईल का. येत नाही. हा सल्ला मी वर लिहिलेल्या सगळ्याच्या विरुद्ध आहे. वेगळ्या बंद पिशवीत ठेवा.

उलट_सुलट

तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठले. दोन धुतले गेलेत. तिसरा वाचला.

नातू_नंबर_तीन

इथे नातवंडांच्या वतीने कुणी बोललं नाही म्हणून.

आजीने मला केलेला स्वेटर टोचायचा. सगळ्या जगात सगळ्यात जास्त टोचणारा स्वेटर. मी शाळेत निघताना घालायचो आणि कोपऱ्यावर काढून दप्तरात कोंबायचो. हे वर्षभर चाललं. आजीला माहीत होतं, कारण कोपरं झिजली नव्हती. एक शब्द बोलली नाही. सुट्टीत स्वेटर गायब. आठ दिवसांनी माझ्या सायकलच्या सीटला लोकरीचं कव्हर, तोच निळा रंग, तीच नक्षी. म्हणाली, 'अंगात नाही तर बुडाखाली तरी वापर.'

ते मी दहावीपर्यंत वापरलं. आजी कशी होती असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

रिकामी_चौकट

हे पान झालं. छापा.

तिरकस

'कारण कोपरं झिजली नव्हती.' वा आजी.

अर्धी_बाही

अवांतर आहे, पण कुणाच्या घरी गेलेल्या माणसाचं अर्धवट विणलेलं पडलं असेल तर: अमेरिकेत २०२२ पासून 'लूज एंड्स' नावाचा एक उपक्रम आहे. अनोळखी विणणारे लोक अशी अर्धी राहिलेली कामं पैसे न घेता पुरी करून घरच्यांना देतात. विणणाऱ्याला एक गंमत माहीत असते, प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा. तुम्ही कितीही जपून पुढे विणा, हात कुठे बदलला ते ओळीवर दिसतं. मी माझ्या आत्याचा एक मफलर पुरा केलाय. मधोमध दिसतं, इथे आत्या थांबली. लपवायचा प्रयत्न केला नाही.

उलट_सुलट

चार दिवसांनी येतेय. खूप काही झालंय, सलग सांगता येईल असं नाही.

सांधेजोड यांचं ऐकून सगळं कपाट उपसलं. सगळ्यात खालच्या खणात वही निघाली. आईची विणकामाची वही आहे हे आम्हाला माहीत होतं. वहीत मापं असतात अशी समजूत होती, म्हणून कुणी उघडली नव्हती. मापंच आहेत. नातवंडांची, वर्षावर्षाची. पण शेजारी शेरे आहेत!

भावाच्या थोरल्याचं: 'छाती २४. गळा मोठा ठेवणे, डोकं मोठं. (आजोबांचं.)' माझ्या मुलीचं: 'बाही १२. पुढच्या वेळी १४ करावी, ही झाडासारखी वाढते आणि दुमडून घालायला लाजते.' धाकट्याचं: 'रंग विचारला. म्हणाला काळा. चार वर्षांच्या मुलाला काळा? केला. छान दिसतो, कबूल.'

माझ्याबद्दल एकच ओळ आहे: 'हिला सांगू नये, पण हिरवा हिला शोभत नाही.' तीस वर्षं मी हिरवा घालतेय.

आता ज्यासाठी आले ते. वहीच्या शेवटून, म्हणजे वही उलटी धरून, दुसरंच काहीतरी सुरू होतं. वर नाव आहे 'खिडकी'. खाली पेन्सिलने काढलेलं छोटंसं चित्र, काचेवरून ओघळणारं पाणी, तिरप्या रेघा, मध्येच थांबलेल्या. आणि मग पानंच्या पानं टाक्यांची गणितं. 'रेघ सरळ पडते. पाणी सरळ पडत नाही.' 'वळण आलं पण जाड झालं. उसवलं.' 'मागची बाजू पुढच्यापेक्षा चांगली! विचार करणे.' 'उसवलं.' 'नातू आजारी, महिनाभर काही नाही.' 'उसवलं.' मी मोजलं. सतरा वेळा 'उसवलं' आहे. सगळी मिळून नऊ वर्षं.

हे कुणाचं माप नाही. कुणाचं नाव नाही. आमच्यापैकी कुणीही हे तिला विणताना पाहिलेलं नाही, किंवा पाहिलं असेल आणि वाटलं असेल कुणाचातरी स्वेटर चाललाय.

शेवटच्या नोंदीत दोनच शब्द आहेत.

'जमलं. उसवलं.'

तिरकस

...

माझ्याकडे तिरकस काही नाही.

पोतडी

म्हणजे ती वस्तू नाहीच? कुठेच?

उलट_सुलट

नाही. करड्या लोकरीचं होतं एवढं वहीवरून कळतं. आणि वही सरळ धरून तारीख जुळवली तर त्याच आठवड्यात पुढच्या बाजूला नोंद आहे: 'बाळ. टोपी, मोजे. करडी.' ते बाळ म्हणजे भावाची धाकटी. टोपी आहे आमच्याकडे.

दुपारची_झोप

ताई, मी गप्प बसणार होतो. पण हे बघा ना. नऊ वर्षांचं काम जमलं, आणि बाळ आलं तेव्हा उसवून टोपी केली. माझा शब्द मी परत पुढे करतो.

तिरकस

आजोबा, उलटंही असू शकतं. तिला ती वस्तू नकोच होती. जमतं का ते बघायचं होतं. जमलं, विषय संपला, लोकर मोकळी झाली. टोपी हा त्या लोकरीचा पुढचा उपयोग. त्याग वगैरे काही नाही. गणित सुटल्यावर पाटी पुसतात तसं.

अर्धी_बाही

विणणारी म्हणून सांगते, दोन्ही एकाच दुपारी होऊ शकतं.

दुपारची_झोप

हे मला पटतंय. तिरकसरावांचंही थोडं पटतंय, पण ते मी लिहिणार नाही.

उलट_सुलट

भावाचं आणि माझं यावरून काल भांडण झालं, अगदी हेच. तो तुमच्या बाजूने, मी तिरकस यांच्या. मग वहिनी म्हणाली, 'टोपी लोकरीची दुहेरी विणलीय, आत मऊ आहे, मुलीला कधी टोचली नाही. एवढं मला माहीत आहे.' आणि टेबल आवरायला लागली.

पानाचं असं ठरलंय: मजकूर नाही. वहीची दोन पानं समोरासमोर छापायची. डावीकडे मापं आणि शेरे (हिरव्याची ओळ भाऊ ठेवणारच म्हणतो), उजवीकडे 'खिडकी'चं शेवटचं पान. तळाला तिचं नाव आणि सालं.

सांधेजोड, एक मदत हवी. शेवटच्या पानावर बरंच खोडलंय. रबराने. तिने टाक्यांचा हिशेब लिहून पुसलेला दिसतो. काही वाचता येईल का?

सांधेजोड

पेन्सिल दाबून लिहिली असेल तर कागदावर वळ राहतात. वरून उजेड नको. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पानाच्या एका बाजूला, जवळजवळ कागदाला टेकवून धरा. आडव्या उजेडात खड्ड्यांच्या सावल्या पडतात. चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक बाजूने वेगळं दिसेल. वरून पेन्सिल घासून वळ उठवायचा शहाणपणा मात्र करू नका, सिनेमात करतात तो. पान कायमचं जातं.

उलट_सुलट

दिसलं. सगळं नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यातलं गेलंय. जे वाचता आलं ते जसंच्या तसं (उ म्हणजे उलट टाका, सु म्हणजे सुलट, एवढं मलाही कळतं):

'६ च्या पटीत + ५. सुया बारीक. ओळ १: २ उ, * १ सु, ५ उ *, शेवटी १ सु, २ उ. सुलट टाका दर चौथ्या ओळीला एक घर डावीकडे, पुढचा ओलांडून. सगळे एकदम हलवायचे नाहीत. एक थांबतो, बाकीचे जातात. कुठला थांबेल ते'

पुढे कागद गुळगुळीत आहे.

मला विणता येत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, इथल्या नावामुळे सगळ्यांना उलटंच वाटत असणार. कुणाला यातून काही कळतंय का?

अर्धी_बाही

कळतंय. पाणी सरळ पडत नाही ते यामुळेच, दर वेळी एक रेघ मागे राहते. कुठली थांबवायची ते वहीत नाही, ते बहुतेक हातातच ठरवायचं असणार.

करडी लोकर आहे घरात. एकोणसाठ टाके घातलेत. पहिल्या वीस ओळी झाल्या की फोटो टाकते. उसवावं लागलं तर तसं कळवते.